दत्तजयंती आटोपून नराऱ्याला

नागपूर, ऑक्टोबर

प्रिय मंग्या,

काल फोनवर तू म्हणाला का मार्गशीर्ष पौर्णिमेला घरी दत्तजयंती असते, आई एकटी पडते, म्हणून गुजरातेत जामनगरला नरारा पाहायला यायचं जमत नाही, नि मी पण ठीक आहे म्हणून फोन ठेवून दिला. पण रात्रभर तेच डोक्यात फिरून राहिलं नि सकाळी चहा घेताना लक्षात आलं, अरे बाप्पा, पौर्णिमेच्याच दिवशी तिथं पोचायची गरजच नाही ना!

नीट सांगतो. नरारा म्हणजे कच्छच्या आखातातल्या मरीन नॅशनल पार्कचा भाग, आपल्या देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान, १९८२ चं. जामनगरहून साठेक किलोमीटर, वाडिनारच्या बाजूला. तिथं बोट नाही, जिप्सी नाही, ओहोटी लागली का समुद्राच्या तळावरून आपल्या पायानं चालायचं! प्रवाळ, समुद्रफुलं, खेकडे, तारामासे, नशीब असलं तर दगडाखाली रंग बदलत बसलेला ऑक्टोपस नि फुगून चेंडू होणारा पफरफिश. ताडोबात गाडीतून पाय खाली टाकता येत नाही, इथं पायाशीच सगळं.

आता तिथीचं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी जितकं वर चढते तितकंच खाली उतरते. अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, तेव्हा गेलो तर पाणी धड उतरतच नाही, प्रवाळ दिसणार काय. पण उधाणाचा जोर पौर्णिमा झाल्यावर एक-दोन दिवसांनी जास्त असतो, नि तृतीयेपर्यंतही पाणी चांगलं ओसरते. म्हणजे तू दत्तजन्म, पाळणा, प्रसाद सगळं निवांत कर, प्रतिपदेला गाडीत बसू, द्वितीयेला जामनगर, तृतीयेला सकाळी नरारा.

वेळेचं पण पाहिलं. कोकणातले लोकं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तृतीयेला म्हणजे सव्वादोन, त्यात सहा तास मिळवले का सकाळी सव्वाआठच्या आसपास ओहोटी. पण हा हिशोब मुंबई-कोकणचा, आखातात आत पाणी उशिरा पोचते, म्हणून वनखात्याच्या ऑफिसात फोन करून त्या दिवसाची वेळ विचारून घेऊ, परमिटचं नि गाईडचं पण तेव्हाच होईल. गाईड सोबत पाहिजेच, कारण पाणी परत फिरलं का फार वेळ देत नाही.

हावड्याकडून पोरबंदर नि ओख्याला जाणाऱ्या गाड्या नागपूरवरून थेट जामनगरला जातात, पण रोज नाहीत. वार जुळला नाही तर अहमदाबादला बदलू. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडते, म्हणून घाई करून राहिलो.

सामानात जुने घट्ट बूट नक्की घे, चप्पल नको, प्रवाळ तळवा कापते. नि एक गोष्ट मनापासून सांगतो, जिवंत प्रवाळावर पाय पडू द्यायचा नाही, वाळूवरून नि गाईड दाखवते तिथूनच चालायचं. एक तर समुद्र तापला का प्रवाळ पांढरं पडते, त्यात आपण तुडवलं तर उरणार काय? मेलेला तुकडा पण उचलायचा नाही. पोरांसाठी एखादा घेऊन जाऊ असं तुझ्या मनात येईल, मला माहीत आहे, फोटो काढून ने.

पिरोटन बेट पुढच्या वेळी, त्याच्या परवानग्या वेगळ्या. पण परतायच्या आधी खिजडियाच्या पक्षी अभयारण्यात अर्धा दिवस काढूच, जामनगरहून जवळच आहे. बांधाच्या एका बाजूला गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला खारं, त्यामुळे दोन्हीकडचे पक्षी एकाच जागी. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, ते गेल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. अंबाझरीच्या काठावर तू नि मी एका दुर्बिणीत आळीपाळीनं बदकं पाहायचो ना, तीच दुर्बीण काढून ठेवली आहे, पट्टा तेवढा नवा लावला.

आईला आजच विचार नि बुधवारपर्यंत सांग, म्हणजे दोन बर्थ धरतो. त्यांना माझा नमस्कार, नि प्रसादाचा सुंठवडा डब्यात घालून आण, गाडीत खाऊ.

तुझाच,
सुध्या