बँकॉकहून, निघायच्या दिवशी

ती. आई-बाबांना सप्रेम जय भीम.

खोली बारा वाजता सोडली, विमान रात्री उशिरा. बॅगा हॉटेलातच ठेवून शेवटचं फिरून आलो आणि आता खाली बसून लिहिते आहे. पत्र टपालात टाकणार नाही, रविवारी मीच आणून देईन. तोंडी सांगायला गेले की तुमचे जावई मध्येच बोलतात.

सकाळी वाट फोला निघालो. वाट म्हणजे इथे विहार. कोपऱ्यावर एक गोड बोलणारा माणूस भेटला. विहार आज बंद आहे म्हणाला, माझ्या रिक्षात बसा, दुसरं दाखवतो. हे बसायलाच निघाले होते. मला एकदम आपल्याकडचा खेडा खरेदीचा व्यापारी आठवला, काटा मारायच्या आधी चहा पाजणारा. मी यांचा हात धरून सरळ चालत गेले. विहार उघडाच होता. पण हे हाफ पँटवर! गुडघे झाकल्याशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून बाहेरून हत्तीच्या छापाचा पायजमा घ्यावा लागला. बाबा, तुम्ही बघितलं असतं तर कोणत्या पक्षाच्या प्रचाराला निघाले म्हणून विचारलं असतं.

आत बुद्ध उजव्या कुशीवर पहुडलेले आहेत, महापरिनिर्वाणाच्या वेळचे. ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच, सगळ्या अंगाला सोन्याचा वर्ख. आपलं घर, अंगण, गोठा एका ओळीत मांडला तरी डोक्यापर्यंत पोचणार नाही. मध्ये खांब असल्यामुळे एका नजरेत मावतच नाहीत. आधी चेहरा, मग कोपर, मग चिवराच्या चुण्या, असं चालत चालत बघायचं. तळपायांवर शिंपल्याच्या तुकड्यांनी १०८ मंगलचिन्हं काढली आहेत. तिथे मी बराच वेळ थांबले. आई, कापूस वेचून आल्यावर तू ओट्यावर पाय लांब करून बसायचीस, ते तळवे डोळ्यांपुढे आले.

पाठीमागच्या बाजूला ओळीनं १०८ काशाची पात्रं. वाटीभर चिल्लर घ्यायची आणि एकेका पात्रात एकेक नाणं टाकत जायचं. सगळ्या दालनात नुसता टण् टण् आवाज.

निघता निघता शेजारच्या सभागृहातून वंदना ऐकू आली. भिक्खू आणि बाया-माणसं खाली बसून म्हणत होती. "नमो तस्स" कळलं, पुढे "फखवतो" आलं आणि मी दचकले. "फुत्थंग सरणंग खच्छामि." आई, विहारात पोरांनी असा उच्चार केला असता तर तू पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं असतंस. मी तुझ्या उच्चारात हळूच म्हटलं. शेजारच्या म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं आणि थोडी सरकून जागा दिली. बाबा, १४ ऑक्टोबर १९५६ ला आजोबांच्या खांद्यावर बसून तुम्ही जे ऐकलं, ते मी इथे मांडी घालून ऐकत होते. हे पायजमा सावरत मागे उभे.

नावेनं नदीपलीकडे वाट अरुणलाही जाऊन आलो. चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलेले उंच मनोरे आहेत. छान आहेत, पण पायऱ्या फार उभ्या. बाबांच्या गुडघ्यांना खालूनच बघावे लागले असते.

दुपारी फुलांचा बाजार. झेंडूचे ढीग दसऱ्याच्या बाजारासारखे. पण खरी गंमत पुढे. एक बाई मोगऱ्याच्या माळेत टपोऱ्या पांढऱ्या कळ्या ओवत होती. निरखून बघते तर रुई! आपल्या धुऱ्यावरची, जिचा चीक डोळ्यात गेला म्हणून लहानपणी मी मार खाल्ला होता ती. इथे तिला प्रेमाचं फूल म्हणतात आणि ओवून विकतात. बाबा, तुम्ही दरवर्षी विळ्यानं छाटता. एक झाड यंदा राहू द्या.

पावतीवर २५६८ साल छापलंय, बुद्धाच्या सनाचं, आपल्यापेक्षा ५४३ वर्षं पुढे. बाबांसाठी जपून ठेवली आहे.

आई, "तेथी जेवाचं काय करसान?" म्हणत होतीस ना? भात खाल्ला, रोज. रविवारी भाकरी कर, ठेचा जरा जाळ.

आणि हो, १०८ पात्रं झाल्यावर माझ्या वाटीत एक नाणं उरलं. वाटीतच जास्त होतं की यांच्या बोलण्याच्या नादात एक पात्र सुटलं, कोण जाणे. हे म्हणतात सुटलंच. परत जाऊन टाकू म्हटलं तर मागे रांग लागलेली. नाणं रुमालात बांधून आणते आहे.

तुमची,
बेबी