मोजण्याआधी थांबावे

दर्यापूर, जि. अमरावती

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भूजल सर्वेक्षणाच्या कामावर तू रुजू झालीस, याचा मला आणि आईला फार आनंद आहे. निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजतात, हे तू शिकलीच असशील. मला लिहायचे आहे ते मोजफीत विहिरीत सोडण्यापूर्वी थांबण्याविषयी.

विहिरीवर पोहोचलीस की मोटार कधी बंद झाली, हे आधी शेतकऱ्याला विचार. आपल्या काळ्या पाषाणात पाझर सावकाश येतो, त्यामुळे उपसा नुकताच थांबला असेल तर दिसणारी पातळी त्या दिवसाच्या उपशाची असते, भूजलाची नव्हे. शेतीची वीज पाळीने मिळते, म्हणून कधी पहाटे जावे लागेल, कधी तासन्‌तास बांधावर बसावे लागेल, बसावे. फितीच्या टोकाला खडू लाव, कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेपासून ती सोड, खुणेपाशी येणाऱ्या आकड्यातून खडूवर दिसणारी ओली लांबी वजा कर आणि मग जमिनीपासूनची खोली मिळावी म्हणून कठड्याची उंचीही वजा कर. ही उंची दर वेळी नव्याने मोज, कारण गावाने कठडा वाढवला असेल आणि तू जुनाच आकडा वजा केलास, तर न झालेली घट नोंदीत उतरते.

ही काळजी वाया जात नाही. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात एखादे पाणलोट अतिशोषित, म्हणजे मुरते त्याहून जास्त पाणी उपसले जाणारे, ठरवताना उपशाबरोबर याच पातळ्यांचा अनेक वर्षांचा कल पाहतात, आणि सरकारी योजनेतून नवी विहीर मिळणे त्यावर अवलंबून असते. तुझा आकडा कोणाच्या तरी बागेपर्यंत पोहोचतो.

पूर्णाकाठच्या आपल्या खारपाणपट्ट्यात मात्र पातळीने भागत नाही. पाणी हाताशी असूनही खारटपणामुळे पिकाला चालत नाही, म्हणून येथे पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारी विद्युतवाहकताही तितक्याच काटेकोरपणे तपासावी आणि नमुन्याची बाटली त्याच पाण्याने विसळून मगच भरावी.

मे महिन्यात विहीर कोरडी मिळाली तर ‘कोरडी’ असेच लिही. तळाची खोली पातळी म्हणून कधीही नोंदवू नकोस. पहिली फेरी संपली की जवळपासच्या विहिरींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहा, एखादा वेगळा वाटला तर त्या विहिरीवर पुन्हा जा, आणि तेथे काय आढळले ते मला सविस्तर कळव.

तुझे बाबा