अफवेला खरी बातमी हवी, बंदी नको

मा. माहिती व प्रसारण मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

स.न.वि.वि.

हे पत्र मी धुळे जिल्ह्यातून लिहीत आहे. अफवेने माणसे मारलेला हा जिल्हा आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, रविवारच्या बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जमावाने जीव घेतला. मुले पळवणारी टोळी फिरतेय, असे व्हॉट्सअ‍ॅपवर पसरले होते. पोटासाठी मंगळवेढ्याकडून आलेली ती माणसे होती.

इंटरनेटवर सरकारचा वचक हवा म्हणणारे या पाच जणांचा दाखला देतात. मला तो पटत नाही. याच अफवेने मे २०१७ मध्ये झारखंडात बळी घेतले होते. म्हणजे सरकारला वर्षभर आधी कळले होते. तरीही पाड्यावरच्या माणसाला त्याच्या बोलीत खरे काय ते अफवेच्या आधी कळले नाही. तिथे बंदी कमी पडली नाही, सरकारचा शब्द कमी पडला.

बातमीवरचा सरकारचा ताबा सुटतो आहे, हे खरेच आहे. आणीबाणी लागली त्या २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतल्या वृत्तपत्रांची वीज तोडली आणि छपाई थांबली. आज रावेर-यावलकडे वादळाने केळी आडवी झाली की तलाठी पंचनाम्याला पोहोचण्याआधी बागेचा व्हिडिओ मुंबईत पोहोचतो. 'नुकसान किरकोळ आहे' असे मग कुणाला दडपून सांगता येत नाही. शेतकऱ्याच्या हातात आलेली ही ताकद माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतली मोठी कमाई आहे, आणि ती आम्ही सोडणार नाही.

केंद्र सरकारच्या कारभाराबद्दल काय खोटे, हे सरकारच ठरवील, असा नियम २०२३ मध्ये आला. मुंबई उच्च न्यायालयाने तो २०२४ मध्ये रद्द केला. तो दुसऱ्या नावाने परत आणू नका. इंटरनेट बंद करण्याचे आदेश जाहीर करा, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितले आहे. इंटरनेटवरचा मजकूर रोखण्याचे आदेश मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २००९ च्या नियमांआड गुप्तच राहतात. ज्याचे लिखाण काढले, त्याला निदान कारण तरी कळू द्या. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभाही द्या. आज बातम्या द्यायच्या तर त्यांना आकाशवाणीचेच बातमीपत्र लावावे लागते.

आणि पुढची अफवा उठेल तेव्हा टॉवर बंद करण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना बोलायला लावा. अहिराणीत, भिलीत, पावरीत, त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर, त्याच दिवशी. यासाठी प्रत्येक जिल्हा माहिती कार्यालयात या बोली बोलणारी माणसे नेमायला राज्य सरकारला सांगा. सुरुवात नंदुरबार आणि धुळ्यापासून करा.

आपला,
धुळे जिल्ह्यातील एक नागरिक