नेपल्सला होकार कळवला

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर आईचा आवाज बदलला की मला पुढचं सुचत नाही, म्हणून लिहितेय. इटलीतल्या नेपल्सच्या संशोधनाच्या कामाला होकार कळवून टाकला. दोनच वर्षांसाठी. चतुर्थी घरी करूनच निघेन. बाबा, गणपतीवरची माटोळी बांधायला दादा येईल, तुम्ही शिडीवर चढायचं नाही.

"आपल्याकडे समुद्र काय कमी आहे?" असं आई म्हणणार. समुद्र आहे गं. पण तिथलं संशोधन केंद्र १८७२ पासूनचं. सी अर्चिन या समुद्रातल्या काटेरी प्राण्याच्या गर्भावर तिथे पिढ्यान् पिढ्या काम चाललंय, आणि मला हवी ती जात त्यांच्या किनाऱ्यावरच मिळते.

बाबा विचारत होते, त्या काटेरी गोळ्याच्या अंड्यात एवढं काय बघायचंय? अंडं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, गर्भ पारदर्शक, त्यामुळे आतलं सगळं जिवंतपणी दिसतं. आधी पेशींचा पोकळ गोळा होतो. मग काही पेशी सुटून आत उतरतात, एका बाजूची भिंत आत वळत जाते, तिचंच पुढे आतडं होतं. या पेशी ज्या जाळ्याच्या आधाराने सरकतात, त्यात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. त्याचे धागे एकमेकांना जोडणारं एन्झाइम औषधाने बंद पाडलं, तर गर्भ गोळ्यावरच अडकतो. आतडं नाही, चुन्याचा सांगाडाही नाही. मरत मात्र नाही! औषध धुऊन काढलं की पुन्हा वाढायला लागतो. वेसेल आणि मॅक्ले या संशोधकांनी हे १९८७ मध्येच दाखवलं. अडकून पडलेल्या पेशींना पुढची पायरी कोणती हे कसं कळतं, ते मला बघायचंय. भांडी घासतानाही डोक्यात तेच असतं.

इथे राहूनही यातलं थोडं जमलं असतं, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही दोघं हिंडते-फिरते आहात तोवरच माझा पाय निघेल. वाईट वाटून घेऊ नका. जेवणाची काळजी नको, भात-मासळी तिथेही मिळते. सोलां नेईन, लोणच्याची बरणी नको.

अंजुण्याच्या खडकांत माझ्या पायात सी अर्चिनचाच काटा मोडला होता, आठवतं? बाबांनी गाडीपर्यंत पाठुंगळी नेलं. सुईने तुकडेच पडत होते, मग आईने माडाच्या विनागरात कापूस भिजवून रात्रभर बांधून ठेवला आणि पाय मांडीवर घेऊन बसली. काटा चुन्याचा, आंबटाने विरतो, हे मी कॉलेजात शिकले. तुला आधीच ठाऊक होतं.

आणि आई, ती कोलॅजनची पावडर. माझ्या विषयाचं नाव डब्यावर दिसलं म्हणून आणलीस ना? खाल्लेलं कोलॅजन पोटात पचून जातं, ते सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही. शरीर स्वतःचं बनवतं, त्याला सी जीवनसत्त्व लागतं. परसातले पेरू पाखरांना कशाला? आणलेला डबा संपव हवा तर, दुसरा आणायचा नाही. गुडघ्याचे व्यायाम रोज, मालिका बघता बघता केलेस तरी चालतील. बाबांनी प्रेशरची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. महिन्याची औषधं दादा आणून देईल, गॅसचं बुकिंगही तोच बघेल. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास मागे, तेव्हा तुमच्या रात्रीच्या जेवणानंतर फोन करत जाईन. जागत बसू नका.

मामाला मात्र आई तूच सांग. मी सांगितलं तर तो तासभर माझी समजूत काढत बसेल.

तुमची,
बाय