अकरा वर्षं तुझ्या नावावर असलेलं पेन

प्रिय मित्रा,

आधी नीट बसून घे, कारण हे माफीचं पत्र आहे आणि तुला पत्ताच नाही की तू गेली अकरा वर्षं आरोपी होतास.

माझं ते हिरवं फाउंटन पेन आठवतंय? परवा सापडलं. जुना कोट देऊन टाकायला काढला होता, घडी घालताना खालच्या शिवणीपाशी काहीतरी कडक लागलं, आधी वाटलं अस्तरच गोळा झालंय, मग आतल्या खिशात हात घातला तर तळाला दोन बोटं आरपार जातील एवढं भोक. तिथून पेन थेट अस्तरात उतरलेलं. आणि तो कोट मी नंतर तीन हिवाळे वापरलाय रे! म्हणजे पेन माझ्याच अंगावर आणि चोर तू. काखेत कळसा म्हणतात तो अगदी काखेच्या हातभर खाली.

नुसता संशय असता तर गोष्ट वेगळी. मला तू ते घेताना दिसला होतास. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, तू सही केलीस, टोपण लावलंस आणि पेन शर्टाच्या खिशाला अडकवलंस, क्लिप चमकली. आजही दिसतं. पेन समोर टेबलावर पडलंय तरी दिसतंय, बोल आता.

मग एक जुना प्रयोग आठवला. 1974 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली, नंतर काहींना विचारलं गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा स्पीड किती होता, आणि काहींना तोच प्रश्न पण आदळल्याच्या जागी साधं धडकल्या. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? काच फिल्ममध्ये नव्हतीच. तरी आदळल्यावाल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले आणि धडकल्यावाल्या 50 पैकी 7. एका क्रियापदाने एवढं होतं. मी तर मनात 'ढापलं' म्हणत होतो, तेही अकरा वर्षं.

खरं काय झालं असेल तर सही झाल्यावर मीच ते सवयीने कोटात टाकलं, डोकं तेव्हा फॉर्मच्या रांगेत. आपण म्हणतो विसरलो, पण विसरायला आधी डोक्यात काही गेलेलं असावं लागतं ना, तो क्षण माझ्याकडे कधी नव्हताच. रिकाम्या जागेत मी तुला बसवलं. 2008 मध्ये नासाच्या एका अंतराळवीर बाईंची स्पेसवॉकमध्ये अख्खी टूलबॅग निसटली, ग्रीस गळलं होतं ते पुसता पुसता बॅग तरंगत गेली. त्या बाई सुखी म्हणायच्या, वस्तू जाताना डोळ्यांनी दिसली, कुणावर आळ घ्यायची सोयच नाही.

मी तुला कधी काही बोललो नाही हे बरोबर, पण तेच जास्त लागतंय. तू एकदा डिक्शनरी मागितलीस तेव्हा ती दुसऱ्याकडे आहे म्हणून सांगितलं, ती माझ्या मागे कपाटात होती. तुझ्या लग्नात दोन तास थांबून निघालो, काम आहे म्हणून. काम काही नव्हतं. एवढं सगळं त्या पेनामुळे असं म्हणणार नाही, पण तुझा फोन आला की पहिल्यांदा क्लिप चमकायची हे खरंय.

निब काल रात्रभर पाण्यात ठेवली होती, सकाळी अर्धा ग्लास निळा. चालेल बहुतेक.

आणि अजून एक. ते कपाट पूर्ण उपसलं तेव्हा तळाशी एक कॅल्क्युलेटर निघाला, सोलरचा, मागे ब्लेडने कोरलेलं तुझं नाव. मी कधी घेतला, का घेतला, काहीही आठवत नाही, शपथ. खिडकीत धरला तर शून्य उमटलं. तू कधी एका शब्दाने विचारलं नाहीस, की तूही मनात माझ्या नावाने काही लिहून ठेवलंयस? कुरियर करू की न्यायला येतोस?

तुझाच,
(पेनवाला)