शाफ्टला पंच मारून बेअरिंग घट्ट बसत नाही

संपादक महोदय,

शेतीपंपाच्या मोटारीचे बेअरिंग शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, सैल झाले की अनेक दुकानांत एकच इलाज होतो. बेअरिंगच्या जागी सेंटर पंचाने (टोकदार छिन्नीसारख्या हत्याराने) ठिपके मारायचे आणि नवे बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवायचे. खडबडीत शाफ्ट जास्त घट्ट धरतो, असा त्यामागचा समज. तो चुकीचा आहे आणि त्याचा भुर्दंड ऐन पाण्याच्या पाळीत शेतकऱ्याला बसतो.

बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर केवळ घर्षणाने टिकते. शाफ्ट बेअरिंगच्या भोकापेक्षा काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) मोठा ठेवलेला असतो. त्याने रिंग ताणली जाते आणि त्या ताणाचा दाब पकड देतो. ६३०६ क्रमांकाचे, ३० मिमी भोकाचे बेअरिंग घ्या. शाफ्ट ३०.०१० मिमी, भोक २९.९९५ मिमी, म्हणजे १५ मायक्रॉनचा घट्टपणा. पण मायक्रोमीटर हे मोजण्याचे साधन शाफ्टच्या पृष्ठभागावरील बारीक उंचवट्यांच्या शेंड्यांवर टेकते आणि बसवताना तेच शेंडे चेपतात. दोन्ही पृष्ठभागांच्या खडबडीची उंची मिळवून तिच्या सुमारे ०.८ पट घट्टपणा वजा होतो, असा हिशेब धरतात. लेथवर नुसत्या टर्निंगने (कातून) शाफ्टची ही उंची १२ मायक्रॉन राहिली आणि भोकाची ३ असली, तर १२ मायक्रॉन गेले, उरले जेमतेम ३. ग्राइंडिंग करून, म्हणजे दगडी चाकाने घासून, ती ४ वर आणली तर ९ च्या वर उरतात. माप तेच, पकड तिप्पट.

पंचाच्या ठिपक्यांचे तर विचारूच नका. रिंग तेवढ्या उंचवट्यांवरच टेकते. काही दिवसांत ते सपाट झाले की ती शाफ्टवर सरकू लागते आणि तांबूस भुकटी पडते. शाफ्ट आणखी झिजतो, रोटर (मोटारीचा फिरणारा भाग) मध्यावरून ढळतो. रोटर आणि त्याभोवतीचा स्थिर स्टेटर यांमधली फट मिलिमीटरहूनही कमी, त्यामुळे रोटर घासून वाइंडिंगही जळू शकते.

पोलादी सांगाड्यात घर्षणावर धरणाऱ्या बोल्टच्या जोडाला मात्र खडबडीतपणा हवाच. पोलादी बांधकामाच्या आयएस ८०० या भारतीय मानकात शॉट ब्लास्ट केलेल्या (बारीक गोळ्यांचा मारा करून खडबडीत केलेल्या) पृष्ठभागाचा घर्षणांक ०.५०, तर रेड लेड (शेंदरी रंग) लावलेल्याचा ०.१० दिला आहे. तिथे दाब बोल्टच्या ताणातून येतो, शेंडे चेपले तरी तो फारसा घटत नाही. बेअरिंगचा दाब मात्र मोजक्या मायक्रॉनवरच उभा असतो.

झिजलेला शाफ्ट लेथवर कातून बारीक करून त्यावर स्लीव्ह (धातूची नळी) बसवावी किंवा तो मेटलायझिंगने, म्हणजे वितळलेला धातू फवारून, भरावा, आणि शेवटी ३०.००२ ते ३०.०१५ मिमीपर्यंत ग्राइंड करावा. हाताने एमरी पेपर मारून माप आणू नये, शाफ्ट लंबगोल होतो. उघडे बेअरिंग ११० अंशांपर्यंत तापवून सरकवावे. थंड ठोकले तर शेंडे खरवडले जातात आणि उरलीसुरली पकडही जाते. सीलबंद बेअरिंग तेलात तापवू नये. ८० अंश पुरेत. झीज अगदी थोडी असेल तर रिटेनिंग कंपाउंड (फटीत घट्ट होणारा चिकट पदार्थ) चालते. तेवढ्यापुरता टर्निंगचा खडबडीतपणा उपयोगाचा, कारण तिथे धरणारा पदार्थ निराळा.

दुरुस्ती करणाऱ्यांनी पावतीवर शाफ्टचे मोजलेले माप आणि केलेली प्रक्रिया लिहावी. शेतकऱ्यांनी जुने बेअरिंग निघताना समोर थांबावे आणि शाफ्टवर तांबूस भुकटी दिसली तर नुसते बेअरिंग बदलून घेऊ नये.

– एक यंत्र अभियंता, कोल्हापूर