वसंतास, एका क्रियापदाविषयी

तैपेई, रविवार

प्रिय वसंत,
सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे, गुडघा अधूनमधून कुरकुरतो इतकेच. वर्गात एक गोष्ट घडली आणि ती तुझ्याशिवाय कोणाला सांगावी हे सुचेना, म्हणून लिहायला बसलो.

माझ्या प्रौढांच्या इंग्रजीच्या वर्गात एक परिचारिका आहे. ह्वालिएनला परतणाऱ्या आईला निरोप देण्याचा प्रसंग तिने निबंधात लिहिला. फलाटावर आई पेरूंची पिशवी लेकीच्या हातात देत 'वेळेवर जेव' एवढेच म्हणत राहिली, आणि गाडीचे दार लागता लागता एकदम म्हणाली, "घरी राहायला ये." या 'एकदम म्हणाली'साठी तिने 'ब्लर्टेड आउट' लिहिले, कारण चिनीतल्या 'थ्वोखौ अर छू', म्हणजे विचार न करता तोंडून निघणे, या शब्दांसमोर कोशात तोच प्रतिशब्द सापडतो. पण चिनी शब्दांत दोष नाही, आणि 'ब्लर्ट'मध्ये बोलू नये ते बोलून गेल्याचा वास आहे. त्या माउलीने बोलू नये असे काय बोलले होते? मी खोडून 'बर्स्ट आउट' सुचवले. ती म्हणाली, "लाओशी (म्हणजे गुरुजी), बर्स्ट तर फुगा होतो. आई हळूच बोलली."

बाकीच्या चुकांची मला धास्ती वाटत नाही. 'बर्स्ट' भूतकाळातही 'बर्स्ट'च राहते. ज्यांच्या भाषेत क्रियापद काळानुसार बदलतच नाही त्यांना हे सोपे जायला हवे, परंतु आम्हीच भूतकाळाचा 'ईडी' प्रत्यय इतका घोटून घेतो की ते 'बर्स्टेड' लिहून मोकळे होतात. 'बर्स्ट आउट क्राइंग', पण 'बर्स्ट इंटू टिअर्स', हेही सरावाने बसते. खरी अडचण अशी की चिनी माणूस 'रन्बुचू', म्हणजे अगदी आपले 'न राहवून', आधी म्हणतो आणि पुढे साधे 'म्हणाली' ठेवतो, तर इंग्रजी तो सारा उमाळा एकाच क्रियापदात कोंबते, आणि त्याबरोबर आवाजही आत येतो.

कँटीनमधले आपले भांडण तुला आठवत असेलच. अनुवादात तू प्रत्येक पात्राला नुसते 'सेड' द्यायचास, मी 'एक्स्क्लेम्ड'साठी हट्ट धरायचो, आणि चहाचे पैसे मात्र बिचारा दिगंबर भरायचा! त्या परिचारिकेने शेवटी 'कुड नॉट हेल्प सेइंग' लिहिले आहे. इंग्रजी निर्दोष आहे, आईचा हळू आवाजही त्यात राहतो, पण इतके दिवस गिळलेले ते वाक्य त्यात फार सभ्य होते. मला अजूनही 'बर्स्ट आउट'च हवे आहे, कारण फुटण्यासाठी आवाज चढावाच लागतो असे मला वाटत नाही. पण फलाटावर ती उभी होती, मी नव्हतो.

मंगळवारी वही परत द्यायची आहे. तू काय ठेवले असतेस ते त्याआधी कळव.

शरयूचे लग्न ठरल्याचे वाचून फार आनंद झाला; घराचे रंगकाम संपले का? वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीपाद